सामनेवालीचे म्हणणे

पाकीट आलं तेव्हा ती एका म्हाताऱ्या बाईंची वरची कवळी जुळवत होती. पुढचे सहा दात मेणात बसले होते आणि डावा सुळा किंचित वाकडा ठेवावा का, या विचारात ती होती. कारण दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘पेशंटला फार सरळ दात नकोत, खोटे वाटतात.’ मास्तरांनी दारातल्या माणसाच्या वहीवर तिची सही घेतली, पाकीट तिच्या बाकाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाले, “कोर्टाचं दिसतंय. हात पुसून उघड.” मास्तर या कवळ्यांच्या कारखान्याचे मालक. कारखाना म्हणजे तीन खोल्या, पाच माणसं आणि सगळ्यांच्या भुवयांवर बसलेली प्लास्टरची पांढरी पूड. अकरा वर्षांपूर्वी ती इथे काम शिकायला आली तेव्हापासून मास्तर तिला ‘पोरी’ म्हणत. लग्न झाल्यावरही म्हणत राहिले आणि मोडल्यावरही. तिने हात पुसले नाहीत. घटस्फोटाचा अर्ज तिनेच केला होता, त्याची तारीख आली असेल असं तिला वाटलं. लग्न खरं तर दहा महिन्यांतच संपलं होतं, पण वर्ष पुरं झाल्याशिवाय कोर्ट अर्ज घेत नाही, म्हणून ते संपलेलं लग्न तिने आणखी दोन महिने तसंच ठेवलं होतं, फ्रीजच्या तळाशी एखादा झाकलेला डबा राहून जावा तसं. आता त्याची वासलात लागणार होती. तिने मेणाच्या बोटांनीच पाकीट फाडलं.

तारीख नव्हती. अर्ज होता, आणि अर्ज त्याचा होता. हिंदू विवाह कायद्याच्या चोविसाव्या कलमाखाली अंतरिम पोटगी मिळण्याबाबत. वर एका बाजूला ‘अर्जदार (पती)’ आणि दुसऱ्या बाजूला ‘सामनेवाली (पत्नी)’. टाइप करणाऱ्याने पती आणि पत्नीची अदलाबदल केली असणार असं पहिल्यांदा तिला वाटलं. तिने पुन्हा वाचलं. अदलाबदल नव्हती. ती हसली. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच वाळलं.

“काय गं पोरी?” मास्तरांनी विचारलं.

“पोटगी मागितलीय.”

“मग मिळेल की. तुझा हक्कच आहे.”

“माझ्याकडून मागितलीय.”

मास्तरांनी फाटकं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, “असं पण असतं?”

“असतं, वाटतं.”

शेजारच्या बाकावर पॉलिशचं चाक फिरत होतं ते थांबलं, आणि ते थांबल्यामुळे तिला कळलं की सगळ्यांनी ऐकलंय. तिने अर्ज घडी करून खिशात घातला आणि सुळा दाबून सरळ केला. डॉक्टरांनी सांगितलेलं विसरून अगदी सरळ. मग तिला राहवलं नाही. ती आतल्या खोलीत गेली, जिथे शेकडो अनोळखी माणसांच्या तोंडांचे साचे फळ्यांवर मांडलेले होते, आणि तिथे उभ्याने तिने सगळा अर्ज वाचला. अर्जदार सुशिक्षित आहे. अर्जदारास पाठीचा विकार आहे. सामनेवाली कुशल कारागीर असून तिला नियमित पगार आहे. सगळं कागदी होतं. हे सगळं वाचताना ती एका तिसऱ्याच बाईबद्दल वाचत असल्यासारखी शांत होती. सातव्या परिच्छेदापाशी मात्र तिचे कान तापले. ‘सामनेवाली हिने राहत्या घरी अर्जदारास “सोड ती नोकरी, मी आहे ना” असे सांगून आश्वस्त केले. सदर वचनावर विसंबून अर्जदाराने नोकरीचा राजीनामा दिला.’ तिचे शब्द. टाइप केलेले, अवतरणचिन्हांत. अंगावरचा कपडा कुणीतरी काढून चौकातल्या तारेवर वाळत घालावा तसे. जगात फक्त एका माणसाने ऐकलेलं वाक्य आता एका टाइपिस्टने, एका वकिलाने, कोर्टातल्या दोन-तीन कारकुनांनी वाचलं होतं. एखाद्याने चहाचा कप त्याच्यावर ठेवला असेल.

ती म्हणाली होती. त्यात शंकाच नव्हती. ती संध्याकाळही तिला पुरती आठवत होती, कारण तशा संध्याकाळी तिच्या आयुष्यात मोजक्याच होत्या. तो गाद्यांच्या दुकानात होता. मोठं दुकान, काचेचं, आणि मालकाची एक टूम अशी की गिऱ्हाइकाला गादी दाखवायची तर माणूस झोपवून दाखवायची. तो माणूस हा. दिवसातून तीसचाळीस वेळा बूट काढून झोपायचं, डाव्या कुशीवर, मग उजव्या कुशीवर, मग उताणं, आणि गिऱ्हाइकाला जागा ठेवून एका कडेला. मग मालक टिचकी वाजवून म्हणायचा, ‘ऊठ रे, गिऱ्हाईक गेलं.’ लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हा. तो हे सगळं तिला हसत सांगत होता. एका बाईने त्याच्या पोटावर बोट दाबून पाहिलं, गादी दाबल्यासारखं, हे सांगताना तर हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग हसू संपलं तरी पाणी थांबेना. पाठ दुखते म्हणाला. एवढ्या मऊ गाद्यांवर झोपून पाठ दुखते हे कुणाला सांगायचं, म्हणाला. तेव्हा ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन म्हणाली, “सोड ती नोकरी. मी आहे ना.” हे म्हणताना आपण किती मोठ्या झालो आहोत असं तिला वाटलं होतं. छाती भरून आली होती. खोलीत दिवा लावायचाही राहिला होता आणि तो लावायला दोघांपैकी कुणीही उठलं नव्हतं.

पण बोलणं हे बोलणं असतं, असं ती आता साच्यांच्या फळीला टेकून स्वतःशी म्हणाली. माणूस म्हणतो, तुझ्यासाठी जीव देईन. म्हणून कुणी सुरी आणून हातात देतं का? तिला तेव्हा काय हवं होतं हे तिला फार उशिरा कळलं. त्याने नको म्हणायला हवं होतं. ‘वेडी आहेस का, मी बघतो काहीतरी,’ असं म्हणून त्याने तिचा हात दाबला असता तर ते वाक्य जिथल्या तिथे राहिलं असतं, सुंदर, न मोडलेलं, आणि दोघं मिळून त्याच्याकडे जन्मभर पाहत राहिली असती. त्याने ते घेतलं. दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन आला आणि येताना तिच्यासाठी हातमोजे घेऊन आला, प्लास्टरने तिच्या बोटांना भेगा पडतात म्हणून. पहिला महिना बरा गेला. तो तिला संध्याकाळी न्यायला यायचा आणि रस्त्यातच ओल्या रुमालाने तिच्या भुवया पुसायचा; कारखान्यातल्या बायका खिडकीतून बघायच्या. मग न्यायला येणं थांबलं, कारण बसचे धक्के सोसत नव्हते. मग भांडी घासणं थांबलं, वाकावं लागतं म्हणून. ती घरी यायची तेव्हा तो पलंगावर असायचा, उताणा, सदरा वर सरकलेला, पोट संथ वरखाली होत असलेलं. पोटगी या शब्दात पोट आहे, हे तिच्या आज लक्षात आलं, आणि त्याबरोबर ते पोट डोळ्यांपुढे आलं. पहिल्या दिवसांत ती गार हात त्यावर ठेवायची आणि तो दचकून श्वास आत ओढायचा, तेव्हा ते पोट तिचं होतं. आता कायदा म्हणत होता, तुझंच आहे, भर.

पाठीचा फोटोही काढला होता. डॉक्टर म्हणाले, काही नाही. घरी येताना ती रिक्षात म्हणाली, “चित्रात तर काही नाही.” तो म्हणाला, “चित्रात नाही. पाठीत आहे.” त्या दिवसापासून ती त्याच्यावर नजर ठेवू लागली. पाणी प्यायला उठताना तो कण्हतो, पण खिडकीशी काही वाजलं तर झटकन मान वळवतो. तिला पुरावे मिळत गेले आणि प्रत्येक पुराव्याने तिला एक कडवट सुख मिळत गेलं. शेवट अगदी साधा झाला. ती घरी आली. त्या दिवशी एक कवळी भट्टीत तडकली होती आणि मास्तर पहिल्यांदाच तिला सगळ्यांसमोर बोलले होते. तो पलंगावर उजव्या कुशीवर होता, एका कडेला, शेजारी माणूसभर जागा ठेवून. ती जागा तो तिच्यासाठी ठेवत असे, हे तिला माहीत होतं. पण तिला त्या क्षणी फक्त दुकान दिसलं. तिने टिचकी वाजवली आणि म्हणाली, “ऊठ आता. गिऱ्हाईक गेलं.” तो उठला. हळूहळू बसता झाला, पायांनी चपला शोधल्या, आणि बहिणीकडे निघून गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याचा मेहुणा येऊन कपडे घेऊन गेला.

साच्यांच्या खोलीत तिने अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी घाईने, बोट ओळीखाली फिरवत. ते टिचकीचं वाक्य ती शोधत होती. अर्जदारास मानसिक क्लेश दिल्याचं दाखवण्याची सुवर्णसंधी होती ती, कुठलाही वकील सोडणार नाही अशी. ते कुठेच नव्हतं. चांगलं वाक्य त्याने घातलं होतं आणि वाईट वगळलं होतं. हे का, याचा विचार तिने त्या दिवशी केला नाही. किंवा केला आणि तिथून वळून आली.

वकीलबाईंच्या खोलीत एकच खुर्ची धड होती आणि ती अशिलासाठी नव्हती. वकीलबाई अर्ज वाचताना पेन्सिलने दात कोरत होत्या. ते पाहून तिला कसंसंच झालं. “हुशार आहे हो तुमचा नवरा,” त्या म्हणाल्या. “कायद्यात बायको की नवरा असं काही नाही. ज्याचं पोट भरत नाही त्याने मागायची, ज्याचं भरतं त्याने द्यायची. आता मला सांगा, हे सात नंबर. म्हणाला होतात?”

ती उत्तर द्यायच्या आत वकीलबाईंनी हात वर केला. “थांबा. आधी हे सांगा, कुणी ऐकलं होतं?”

“नाही. आम्ही दोघंच होतो.”

“कुठे लिहिलंय? मेसेज, चिठ्ठी?”

“नाही.”

“मग झालं तर. घरात दोघंच असताना बोललेलं वाक्य हे वाक्यच नसतं, बाई. कोर्टाच्या दृष्टीने तो नुसता आवाज.”

“आणि हो म्हटलं तर?”

वकीलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “हो म्हटलंत तर पगाराचा चौथा हिस्सा धरून चाला. खटला संपेपर्यंत नक्की, नंतरही कदाचित. दहा महिन्यांच्या संसाराचं भाडं दहा वर्षं भरत बसाल. तो काही तुमचं कौतुक करणार नाहीये खरं बोललात म्हणून.” मग त्यांनी टाइपिस्टला मजकूर सांगायला सुरुवात केली. ‘सामनेवालीचे म्हणणे’ असा मथळा. परिच्छेद सातमधील मजकूर खोटा व रचलेला असून तो सामनेवालीस मान्य व कबूल नाही. अर्जदाराचे पाठीचे दुखणे हा निव्वळ बनाव आहे. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून असं धडाधड बाहेर पडताना ती ऐकत राहिली. जे ती म्हणाली होती ते तिचं म्हणणं नव्हतं, आणि जे ती कधीच म्हणाली नव्हती ते आता तिचं म्हणणं होतं. सही उद्या करते, असं सांगून ती उठली. वकीलबाईंनी तिच्याकडे पाहिलं. “विचार बिचार करू नका हं,” त्या म्हणाल्या.

रविवारी ती दादाकडे गेली. दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. आई-वडील गेल्यावर त्यानेच तिला कवळ्यांच्या कामाला लावलं होतं आणि त्यानेच हे स्थळ आणलं होतं, त्यामुळे या लग्नाचा राग आपल्याला तिच्याहून जास्त यायला हवा असं त्याला वाटत असे. “झोपायचा पगार घेत होता,” दादा म्हणाला, “आता झोपायची पेन्शन मागतोय. पुरुषासारखा पुरुष, लाज कशी वाटत नाही म्हणतो मी. बायको पोसणार आणि हा खाणार.” तो स्वतःच्या विनोदावर हसला आणि वहिनीने आणून ठेवलेला चहा न बघता उचलला. तीही हसली. दादाच्या घरात हसणं सोपं होतं. तिथे तिची बाजू आधीच ठरलेली असे. मग ती कपबशा घेऊन आत गेली. वहिनी नळाखाली ताटं धूत होती. तिने मागे न बघता विचारलं, “खरंच म्हणाली होतीस का गं तसं?”

तिने कपबशा ओट्यावर ठेवल्या आणि एकात एक रचू लागली. वहिनीला तेवढं पुरलं.

“मी शाळेत शिकवत होते, तुला आठवत असेल,” वहिनी म्हणाली. “तिसरीचा वर्ग. हे म्हणाले, कशाला दगदग करतेस, मी आहे की. म्हणाले ते मनापासून, खोटं नाही सांगत. मी सोडली. तेरा वर्षं झाली.” तिने एक ताट उभं करून ठेवलं. “उद्या हे म्हणाले, मी कुठे असं म्हटलं होतं, तर माझ्यापाशी कुठे कागद आहे?”

“दादा असं कधी म्हणेल का.”

“नाही म्हणणार. तूही नव्हतीस म्हणणार तेव्हा.” वहिनीने नळ बंद केला आणि पदराला हात पुसले. “तू लिही काय लिहायचं ते. तुझे पैसे, तुझे कष्ट. मी आपलं मनात आलं ते बोलले.” बाहेरून दादाने विचारलं, आत काय खलबतं चाललीत, आणि वहिनी म्हणाली, काही नाही, साबण संपलाय.

घरी जाताना बसमध्ये तिला वहिनीचा राग आला. हे वेगळं होतं. वहिनीने दोन पोरं वाढवली, घर केलं, सासूचं आजारपण काढलं. त्याने काय केलं? तो झोपला. पण मग हिशोब असा होता का, की पोसून घ्यायला राबावं लागतं? ती तेव्हा असं म्हणाली नव्हती. सोड ती नोकरी, मी आहे ना, फक्त भांडी घास, फक्त बरा हो, फक्त मला हवा तेवढाच दुबळा राहा, असं काही ती म्हणाली नव्हती. पुढच्या बाकावरच्या माणसाचं डोकं डुलकीने खिडकीवर आपटत होतं आणि दर वेळी तो जागा होऊन आजूबाजूला अपराध्यासारखा पाहत होता. एक स्टॉप आधीच उतरून ती चालत घरी गेली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वकीलबाईंकडे जाऊन तिने सही केली. तीन पानं, तीन सह्या. कागदावर नाही म्हणणं कठीण नव्हतं. कागद तिच्याकडे बघत नव्हता.

कोर्टाची खोली तिने मनात धरली होती त्यापेक्षा लहान निघाली. एखाद्या शाळेच्या ऑफिसाएवढी. ट्यूबलाइट, लोखंडी कपाटं, आणि न्यायाधीशबाईंच्या टेबलावर औषधाची बाटली; त्यांना सर्दी झाली होती. तो समोरच्या बाकावर मेहुण्याच्या शेजारी बसला होता. वजन वाढलं होतं. शर्ट तिने घेतलेला होता, निळा, आणि तो मुद्दाम घातलाय की दुसरा नव्हता म्हणून, हे ठरवण्यात तिची पाच मिनिटं गेली. वकील आपापसांत बोलले, कागद इकडचे तिकडे झाले. मग न्यायाधीशबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि थेट तिलाच विचारलं, “तुम्ही यांना नोकरी सोडायला सांगितलं होतं?”

हे तिने धरलं नव्हतं. वकील बोलतील, आपण बसून राहू, असं तिने धरलं होतं. ती उभी राहिली. तोंडात प्लास्टरची पूड गेल्यावर होतं तसं झालं, जीभ टाळूला चिकटली. त्याने मान वर केली होती आणि तो तिच्याकडे पाहत होता, रागाने नाही, अजिजीनेही नाही. लहानपणी पाठ केलेली कविता दुसरं कुणी म्हणायला लागावं आणि आपण पुढच्या ओळीची वाट पाहावी, तसा.

“नाही,” ती म्हणाली.

“असं काही बोलणंच झालं नाही?”

“नाही.”

त्याचा वकील उठला. त्याला आणखी प्रश्न विचारायचे होते, पण याने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. न्यायाधीशबाईंनी रुमालात नाक शिंकरलं आणि विचारलं, “अर्जदारांना काही म्हणायचं आहे?” तो उठला. उठताना बाकाचा आधार घेतला.

“त्यांना आठवत नसेल,” तो म्हणाला.

त्यांना. दहा महिने ‘अगं’ म्हणणाऱ्या तोंडातून तो अहोजाहोचा शब्द आला आणि तिला पायाखाली पायरी नसल्यासारखं वाटलं. न्यायाधीशबाईंनी तिच्याकडे पाहिलं. वाट मोकळी होती. आठवत नाही, एवढं म्हणायचं. खोटंही पडत नाही आणि खरंही. त्याने ती वाट स्वतः खणून तिच्यापुढे ठेवली होती. तिच्या वकीलबाई खालून तिचा पदर ओढत होत्या. ती खाली बसली. न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहिलं.

हुकूम दुपारनंतर झाला. अर्जदार धडधाकट व सुशिक्षित, नोकरी स्वेच्छेने सोडलेली, आजाराचा पुरावा नाही, कथित आश्वासन शाबीत नाही. सबब अर्ज नामंजूर. मेहुणा रागाने आधीच निघून गेला. वकीलबाई दुसऱ्या खटल्यात गेल्या, जाताना तिचा दंड दाबून म्हणाल्या, “बघा, किती सोपं होतं.” ती दुसऱ्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात खिडकीपाशी थांबली. तो तिथे येईल हे तिला माहीत होतं आणि आल्यावर तो काय म्हणेल याची तिने तयारी केली होती. खोटारडी म्हणेल. शिव्या देईल. ती म्हणेल, आणि तू? तिचं उत्तर तयार होतं, तोंडात धरून ठेवलेलं.

तो आला आणि दोन हातांवर थांबला.

“पाठ कशी आहे?” तिनेच विचारलं. हे तोंडातून कसं निघालं ते तिला कळलं नाही.

“आहे,” तो म्हणाला. मग खिडकीच्या गजाकडे पाहत म्हणाला, “अर्ज भाऊजींनी करायला लावला. फुकट का सोडतोस म्हणाले. त्यांच्या घरात खातो, सही केली.”

“आणि ते वाक्य?”

“ते मी घातलं. वकील म्हणाला, ज्याच्यावर विसंबून नोकरी सोडलीत असं काहीतरी द्या. मला दुसरं काही आठवेना.” त्याने गजावरची धूळ बोटाने पुसली. “तू नाही म्हणालीस ते बरं केलंस. हो म्हणाली असतीस तर ते पैसे मला घ्यावे लागले असते. आणि घेतले असते मी. मी घेतो, तुला माहीत आहे.”

तोंडात धरलेलं उत्तर कडू होऊन विरघळून गेलं. तिला संताप आला. याने भांडायला हवं होतं. इतकं खोटं बोलल्यावर निदान एक शिवी तरी तिच्या हक्काची होती, आणि तीही तो देत नव्हता.

“मला आठवत होतं,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” तो म्हणाला. मग सवयीने, “येतो.” आणि दोन पावलं गेल्यावर, वळून, जरा ओशाळून, “जातो.”

जिना उतरताना तो कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत होता. ती बघतेय हे त्याला माहीत आहे, म्हणून हे चाललंय, असं तिने मनाशी म्हटलं. म्हणायची सवयच झाली होती. तो दिसेनासा झाल्यावर ती खिडकीतून खाली पाहू लागली. तो रस्त्यावर आला. त्याने वर पाहिलं नाही. कोर्टासमोरच्या थांब्यावर बस आली, माणसं धडाधड चढली, तो मागे सरला. बस गेली. त्याने कंबरेवर हात ठेवला आणि विजेच्या खांबाला पाठ लावून डोळे मिटले. त्याचं तोंड उघडं होतं. शेजारून जाणाऱ्या कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं आणि कुणाचं असावं असं त्यालाही वाटत नसावं. दुसरी बस आली. ती जवळजवळ रिकामी होती. तो सगळ्यांत शेवटी चढला. एक हात दांडीला, दुसऱ्या हाताने मांडी उचलून पाय पायरीवर ठेवला, आणि दुसऱ्या कुणाचं तरी अवजड शरीर ओढून घ्यावं तसं स्वतःला आत ओढलं. बनाव, निव्वळ बनाव. तिची सही होती त्याखाली, तीन पानांवर तीन.

कितीतरी वेळाने वकीलबाईंचा आवाज आला. हुकमाची नक्कल मिळण्यासाठी अर्ज द्यायचा होता, खिडकी बंद व्हायच्या आत. ती त्यांच्यामागे खालच्या मजल्यावर गेली. जाळीमागच्या कारकुनाने छापील कागद पुढे सरकवला. तिने टेबलाला बांधलेलं पेन घेतलं, आपलं नाव लिहिलं, पुढे आडनाव लिहिलं, आणि कागद आत सरकवला. कारकुनाने तो बघितला आणि परत बाहेर ढकलला.

“मधलं राहिलं,” तो म्हणाला.

तिने वकीलबाईंकडे पाहिलं. “लिहा हो,” त्या म्हणाल्या, “निकाल लागेपर्यंत तेच. नाहीतर नक्कल मिळायची नाही.”

दोन शब्दांच्या मध्ये जागा थोडीच होती. तिने कागद जाळीच्या उजेडाकडे वळवला आणि बारीक, सुबक अक्षरात त्याचं नाव आपल्या नावापुढे बसवलं. ते तिथे बेमालूम बसलं.